कानशिलावरचे केस

वेलोने त्या सकाळी नसता उद्योग केला. आपले केस आपणच सोडायला बसली.

साध्या वेण्या असत्या तर कोणी काही म्हटलं नसतं. पण तिच्या कानापुढे लोंबणाऱ्या वेणीत आईच्या माहेरून आलेली चांदीची कडी होती, आणि अशी कडी काढायला दुसऱ्या कोणाचे तरी डोळे लागतात, हे नदीकाठच्या आमच्या जाफाराबे गावातल्या, गुरं राखणाऱ्या फुलानींच्या शेंबड्या पोरीलाही ठाऊक असतं. वेलोला धीर कुठला? तिने वेणीचं टोक ओढून तोंडाशी आणलं, कडी दातात धरली, दाबली, पिळली... आणि कडी चेपून वेणीवर अशी घट्ट बसली की आता एक तर केस कापा, नाही तर चांदी. दोन्हीपैकी काहीही कापलं असतं तरी आईने तिला सोलून काढलं असतं. मग डोक्यावर ओढणी घेऊन, कोणाशी एक शब्द न बोलता, भिंतींच्या कडेकडेने ती न्येलेमावशीच्या अंगणात पोचली.

न्येले बल्लो ही लोहाराची बायको, आता विधवा. गावातल्या फुलानी बायकांची डोकी पहिल्यापासून लोहारणींच्याच हाती असतात, आणि न्येलेसारखा हात नदीच्या दोन्ही तीरांवर दुसरा नव्हता. कडुनिंबाखाली चटई, चटईवर मावशी पाय लांब करून बसलेली, आणि जिची वेणी घालायची तिने आडवं होऊन डोकं मावशीच्या मांडीवर द्यायचं. एकदा दिलं की मान वळवायची नाही, उठायचं नाही, ऊन कलेपर्यंत सगळं जग आडवंच बघायचं.

"हे काय करून ठेवलंस गं बाई?" मावशीने कडी चाचपली. "दात आहेत की अडकित्ता?"

"निघेल ना?"

"माझ्या बोटांनी नाही निघायची." मावशीने घराकडे तोंड करून हाक मारली, "सिरिमान, बारीक पक्कड आण रे."

कोण सिरिमान? वेलोने बघायला मान वळवली आणि डोक्यात टपली खाल्ली. मावशीचा मुलगा राजधानीत, बामाकोला, सोनाराकडे कामाला आहे हे गावात सगळ्यांना माहीत होतं. तो आदल्या संध्याकाळी नावेने परत आलाय आणि बापाचा बंद पडलेला भाता पुन्हा चालवणार आहे, हे मात्र वेलोच्या कानावर यायचं होतं. तिला आधी दिसले ते दोन पाय, राखेने भुरे झालेले. मग पाय वाकले, गुडघे आले, हातातली पक्कड आली, आणि शेवटी एक चेहरा आला. आडवा.

"आई, गाय सोडवायची आहे की मुलगी?"

"सिदिब्यांची वेलो आहे ती."

"म्हणजे गायच."

"मावशी," वेलो डोळे मिटून म्हणाली, "तुमच्या भट्टीतला कोळसा बोलायला लागलाय. जरा पाणी ओता त्याच्यावर."

मावशी हसली तसं वेलोचं डोकं तिच्या मांडीवर गदगदलं. राग कोणालाच आला नाही. बल्लो म्हणजे लोहार, सिदिबे म्हणजे फुलानी, आणि लोहार-फुलानी यांच्यात थट्टेचं नातं असतं. लोहाराने भर बाजारात फुलानीला वासरू म्हणावं, फुलानीने लोहाराच्या आजोबांना कोळसाखाऊ म्हणावं, आणि जो रागावला तो हरला. मयताच्या घरीसुद्धा ही थट्टा चालते. या नात्याला एक दुसरी बाजू आहे, तिचा कोणी उच्चार करत नाही कारण तशी वेळच येत नाही. दोघांच्या पूर्वजांनी कधीकाळी एकमेकांचं रक्त चाखून शपथ घेतली म्हणतात, आणि तेव्हापासून या दोन घरांत सोयरीक होत नाही. केली तर अंगावर चट्टे उठतात, कूस उजवत नाही, गाई आटतात. थट्टा हवी तेवढी करा, लग्नाचं नाव काढू नका.

सिरिमानने वेणी दोन बोटांत धरली. त्याच्या हाताला कोळशाचा आणि पुदिन्याच्या चहाचा वास होता. कडीच्या फटीत पक्कड घालताना त्याने श्वास रोखला तो तिला कळला, कारण तिच्या गालावर येणारी ऊब मध्येच थांबली.

"दुखलं तर सांग," तो म्हणाला. हळू, आणि थट्टेशिवाय.

दुखलं नाही. कडी उघडली, वेणी सुटली, आणि वेलोला घरी जायला काहीच हरकत नव्हती. ती मात्र तशीच पडून राहिली. म्हणाली, आलेच आहे तर नवीन वेण्या घालूनच जाते.

आता सांगून टाकते, वेलोचं लग्न ठरलेलं होतं. काकाचा मुलगा येरो. आमच्यात हे असंच ठरतं, पाळण्यात असताना. येरो दोन्ही घरांची गुरं घेऊन पावसाच्या तोंडाशी उत्तरेला गेला होता, कोरड्या माळांकडे. पूर ओसरला की सगळे गुराखी परत येतात, गुरं आमच्या गावापाशी नदीत घालून पोहत अलीकडे आणतात, आणि त्या दिवशी गावातल्या मुली नवीन वेण्या, कवड्या, मणी, जे असेल ते घालून काठावर उभ्या राहतात. त्यानंतर लग्नं लागतात. वेलोचंही लागणार होतं. येरो वाईट होता का? मुळीच नाही. वेलोला तो आवडायचासुद्धा, लहानपणापासून घरात असलेली माणसं आवडतात तसा.

नीट राखली तर वेणी चांगली महिनाभर टिकते. झोपताना डोक्याला फडकं घट्ट बांधायचं. अधूनमधून भांगांमधून शिया नावाच्या झाडाच्या बियांचं लोणी बोटाने फिरवायचं. नदीत डुबक्या मारायच्या नाहीत. आणि सोडल्यावर केसांना थोडे दिवस मोकळं ठेवायचं, त्यांनाही दमायला होतं. वेलोने हे सगळं उलटं करायला सुरुवात केली. फडकं उशाखाली ठेवून झोपू लागली. कपडे धुवायला गेली की डोक्यासकट पाण्यात. आठवडा होतो न होतो तोच तिच्या वेण्यांतून केस असे बाहेर यायचे की आई करवादायची, "तुझ्या डोक्यात रात्री उंदीर कुस्त्या खेळतात का गं?"

"जाते की मावशीकडे," वेलो म्हणायची. चेहरा अगदी बिचारा करून.

आणि तिथे गेल्यावर निवडायची तीसुद्धा सगळ्यात वेळखाऊ वेणी. मावशी म्हणायची, मधोमध एक जाड, बाजूंना दोन-दोन, छान दिसेल. वेलोला ती नको असायची. तिला हवी असायची बारीक पेडांची, मागे मानेवर जाळी विणलेली.

"तिला संध्याकाळ होईल गं."

"होऊ दे."

मावशी साळिंदराच्या काट्याने भांग पाडायची, लोण्यात कोळशाची पूड कालवून केसांना लावायची, आणि पेडामागून पेड घालत राहायची. पलीकडे, भट्टीच्या छपराखाली, सिरिमान ऐरणीवर वाकलेला. वेलोला तो नेहमी आडवाच दिसायचा. पण आडव्या माणसाच्याही सवयी कळतात. विचार करताना तो खालचा ओठ दातात धरायचा. चांदीला शेवटचा हात मारताना हातोडी अशी टेकवायचा की आवाज यायचाच नाही.

"काजळ्या, जरा हळू ठोक. माझं डोकं दुखतंय."

"डोक्यात काही असलं तर दुखेल. तिथे नुसतं ताक आहे."

"ताक तरी आहे. तुझ्यात धूर भरलाय."

"आई, हिच्या जिभेलाही एक वेणी घाल."

"तुझ्या आईकडे तेवढा दोरा नाही."

एकदा तो म्हणाला, "येरो आला की गुरं मोजेल ना? तुला गाईंच्या आधी मोजेल की नंतर?"

ती म्हणाली, "नंतर. गाई दूध देतात."

तो हसला नाही. हातोडी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. मावशीची बोटं वेलोच्या केसांत थबकली आणि मग, जणू काही झालंच नाही अशी, पुढे चालू लागली.

पाऊस जाता जाता एक दिवस असा आला की सकाळी लख्ख ऊन आणि दुपारी एकाएकी आभाळ फाटलं. मावशीची कच्ची मडकी नदीकाठी वाळत होती. ती वेलोचं डोकं मांडीवरून अक्षरशः टाकून पळाली. वेलो उरली अंगणात, अर्धं डोकं विणलेलं, अर्धं झुडपासारखं उभं. अशा अवतारात घरी जाणार कशी? ती धावत भट्टीच्या छपराखाली शिरली. तिथे सिरिमान होता. कुठे जाणार तोही.

पहिल्यांदाच ती त्याच्यासमोर उभी होती. तो तिच्यापेक्षा उंच निघाला. झोपून बघताना हे लक्षातच आलं नव्हतं.

"अशी दिसलीस तर येरो लग्न मोडेल," तो तिच्या केसांकडे बघत म्हणाला.

"बघतोयस तर तू."

"मला कुठे लग्न करायचंय तुझ्याशी."

ही थट्टा होती. आमच्याकडे पोरंटोरं करतात अशी थट्टा. पण दोघांनाही हसू आलं नाही. छपरातून पाण्याची धार ऐरणीवर पडत होती आणि तिचा आवाज उगाच फार मोठा वाटत होता.

"एक विचारू?" तो म्हणाला.

"लोहार विचारून बोलायला कधी लागले?"

"मला काजळ्या म्हणतेस. भात्या म्हणतेस. कोळसा म्हणतेस. गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा नावाने हाक मारतेस तू. माझं नाव एकदाही घेतलं नाहीस."

वेलोने सुटलेल्या केसांची एक बट ओढून घेतली आणि तिचे पेड घालायला लागली. वाकडे, एकावर एक.

"आमच्या बायका एकाचं नाव घेत नाहीत," ती म्हणाली. "जन्मभर घेत नाहीत. तुला माहीत आहे..."

माहीत नसायला काय झालं? फुलानी बाई नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नाही. लोहाराच्या अंगणात रोज बायका येऊन 'घरचे', 'पोरांचे बाबा' असं बोलत असतात, त्याच आवाजात तो लहानाचा मोठा झाला होता. त्याने पक्कड उचलली, ती गरम नाही हे पाहिलं, पुन्हा ठेवली. हातांना काहीतरी काम हवं होतं.

"वेलो..."

"पाऊस थांबला," ती म्हणाली आणि बाहेर पडली. पाऊस चांगला कोसळत होता.

त्यानंतरच्या शुक्रवारी सिरिमानने जे केलं ते एखाद्या फुलानीने केलं असतं तर गाव त्याला वेडा म्हणालं असतं. लोहाराने केलं म्हणून नुसतं हसलं. नमाज झाल्यावर तो वेलोच्या वडिलांकडे आला. नखांतली काजळी घासून काढलेली, अंगात बामाकोहून आणलेला पांढरा झगा, हातात पानात गुंडाळलेली कोलाची फळं, आमच्यात मागणी घालताना नेतात ती. वडील, हम्मादी सिदिबे, अंगणात पातेकाकांबरोबर चहा घेत बसले होते. पातेकाका म्हणजे येरोचे वडील, सासरे होणारे. चटईच्या कुडाआड वेलो आणि तिची आई दही घुसळत होत्या.

"काय बल्लो," वडील म्हणाले, "आज आंघोळ केलीस? कोण गेलं?"

सिरिमानने पायताण काढलं, खाली बसला, कोला पुढे ठेवले. "काका, मी वेलोला मागायला आलोय."

पातेकाकांच्या नाकातून चहा बाहेर आला. वडील मांडीवर थापा मारून हसू लागले. लोहाराने फुलानीची मुलगी मागायची, यापेक्षा जुनी थट्टा आमच्याकडे नाही, आणि इतक्या थाटात, झगा घालून, कोला घेऊन ती कोणी कधी केली नव्हती.

"देतो की," वडील डोळे पुसत म्हणाले. "पण आमची मुलगी भात्यापाशी बसायची नाही. तू ये गुरं राखायला."

"गुरं पळून जातील याला बघून," पातेकाका म्हणाले. "त्यांना वाटेल वणवा लागला."

"काका, मी थट्टा करत नाहीये."

यावर तर असं हसू फुटलं की शेजारचे भिंतीवरून डोकावले. मुरलेला थट्टेखोर हेच तर म्हणतो, अगदी अशाच पडलेल्या चेहऱ्याने. "अरे, शपथ घे, शपथ," पातेकाका ओरडले. सिरिमानने खरोखर शपथ घेतली. मग काय विचारता?

कुडाआड रवी थांबली होती. वेलोला त्याचा आवाज कापलेला ऐकू आला होता. तिला उठायचं होतं. दोन पावलं टाकून कुडाबाहेर यायचं आणि एवढंच म्हणायचं होतं की हा खरं बोलतोय. तिने रवीचा दोर सोडलासुद्धा. तेवढ्यात आईने मान वर केली आणि तिच्याकडे बघितलं. आई हसत नव्हती. ती नुसती बघत राहिली, पोरीच्या सुटलेल्या हातांकडे, मग तोंडाकडे, आणि तिच्या कपाळावर हळूहळू आठी चढू लागली.

वेलो हसली. मोठ्याने, खिदळून, कुडापलीकडे ऐकू जाईल असं हसली.

आईच्या कपाळावरची आठी गेली. बाहेर तिचं हसणं पोचलं. मग सिरिमानही हसला, आणि वडिलांनी त्याला जवळ ओढून चहाचा पेला दिला. कोला सगळ्यांनी वाटून खाल्ले.

दुसऱ्या दिवशी ती नदीवर वाळवलेल्या भोपळ्याची दुधाची भांडी घासत होती तेव्हा तो आला. चार हात लांब, पाण्यात पाय सोडून बसला. आसपास बायका होत्या, पण लोहार फुलानीशी बोलत बसला तर बघण्यासारखं काय असतं?

"हसलीस तू," तो म्हणाला.

"सगळेच हसत होते."

"सगळ्यांचं सोड."

तिने वाळूची मूठ भांड्यात टाकली आणि घासत राहिली. "मी बाहेर आले असते तर? उद्यापासून कोणती फुलानी न्येलेमावशीच्या मांडीवर डोकं ठेवायला आली असती? म्हणाल्या असत्या, हिनेच पोरीला मांडीवर घेऊन फितवलं."

"आपण बामाकोला जाऊ."

"आणि मावशी?"

त्याने पाण्यातले पाय वर घेतले.

"तिला इथून उपटून नेशील? बाबा मान वर करून मशिदीत कसे जातील? येरोने काय वाईट केलंय माझं?" तिचा आवाज चढला तसा तिने खाली आणला. "मला तू हवास. हे एकदा सांगते, पुन्हा सांगायची नाही. पण या सगळ्यांना मोडून मला तुझ्याबरोबर नांदता येणार नाही. मी नाही तेवढी धीट."

"मग मी काय करू?"

"थट्टा कर," वेलो म्हणाली. तिच्या हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं, नदीचं की कशाचं ते तिलाही सांगता आलं नसतं. "तेवढीच आपल्याला चालते."

तो उठला. बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "नीट घास गं, गाईची धाकटी बहीण, नाही तर दुधाला तुझा वास येईल." बायका हसल्या. वेलोने भांडं पाण्यात बुडवलं आणि विसळत राहिली.

पूर ओसरला. गुरं आली. येरोने सगळ्यांच्या पुढे राहून आपला कळप पाण्यात घातला, आणि तो अलीकडे आला तेव्हा काठावर बायकांनी त्याच्या नावाचं गाणं म्हटलं. उन्हाने रापलेला, वाळलेला, हसरा येरो. त्याने वेलोसाठी उत्तरेकडून एक निळी ओढणी आणली होती आणि ती देताना त्याचे कान लाल झाले. वेलोने ती घेतली. त्याचा राग येईल असं काहीही त्याच्यात नव्हतं, आणि त्या दिवशी तिला तेच सगळ्यात जड गेलं.

लग्नाची वेणी घालायला न्येलेमावशी तिच्या घरी आली. मुलींच्या लोंबत्या वेण्या सोडायच्या आणि बाईचा उंच तुरा बांधायचा, गवताच्या काड्यांवर केस चढवून, कपाळापासून मानेपर्यंत. तुऱ्याला कवड्या, आणि दोन्ही कानशिलांवर आईच्या माहेरचे मधाच्या रंगाचे अंबराचे मणी, लिंबाएवढे. घर बायकांनी भरलं होतं. कोणी गात होतं, कोणी बाजरीची पेज ढवळत होतं. मावशीने कानशिलावरचा भांग पाडला आणि तिचा काटा तिथेच थांबला.

तिथे केस उरलेच नव्हते म्हणायला हरकत नाही. बोटभर रुंद पट्टी, तिच्यावर तान्ह्या मुलासारखी विरळ लव.

"घट्ट वेण्या, आणि त्याही दर आठवड्याला," मावशी पुटपुटली. "मुळं सैल झाली, पोरी. हे मणी पेलणार नाहीत."

"मीच मागत होते मावशी."

"मी घालत होते ना." मावशी खाली वाकली. बायकांच्या गाण्यात तिचा आवाज फक्त मांडीवरच्या कानाला ऐकू गेला. "मला दिसत नव्हतं असं नाही. दर खेपेला दिसायचं. पण तू येऊन गेलीस की तो दोन घास जास्त जेवायचा... म्हणून मी गप्प बसले. आई आहे मी त्याची. तुझे केस गेले माझ्यापायी."

वेलोने तिचा हात धरला आणि आपल्या गालाखाली घेतला. यापुढे दोघी त्याबद्दल बोलल्या नाहीत.

पण मण्यांचं काय? वेलोची आई अडून बसली. अंबराशिवाय आपल्या घरातली मुलगी उंबरा ओलांडत नाही म्हणाली. शेवटी सिरिमानला निरोप गेला. तो आला, दारातून वाकून वेलोचं कानशील बघितलं, आणि बघतच राहिला. हे कशाने झालं हे विचारायची त्याला गरज नव्हती. परत गेला आणि ऊन उतरायच्या आत चांदीची एक पातळ पट्टी घेऊन आला. तुऱ्यावरून आडवी जाईल, दोन्ही टोकांना मणी लटकतील, भार सगळा माथ्यावर. कानशिलावरच्या उरल्यासुरल्या केसांना काही ओढ लागणार नाही.

पट्टीची टोकं वळवायला तो चटईशी बसला. बायका चेकाळल्या. "काजळ्या, तुझी नवरी चालली रे." "बघून घे, उद्यापासून तिला गाई मिळणार." तो वाकून काम करत होता. खालचा ओठ दातात.

"जड वाटतंय?" त्याने विचारलं.

"नाही."

"पुढेमागे वाटलं तर येरोला सांग. सैल करायला सोपी आहे. कोणताही लोहार करेल."

"कोणताही?"

"कोणताही," तो म्हणाला. "मी परवाच्या नावेने बामाकोला चाललोय."

संध्याकाळी ऊन पिवळं झालं तेव्हा वेलोला निळी ओढणी पांघरून बाहेर काढली. दारात येरो, पातेकाका, सगळी वरात. पाठवणीच्या वेळी थट्टेच्या नातेवाइकाचा एक हक्क असतो आमच्याकडे. त्याने वाटेत आडवं पडायचं, माझी बायको पळवली म्हणून गळा काढायचा, आणि त्याला कोला देईपर्यंत हलायचं नाही. तो नसला तर लग्न अळणी झालं म्हणतात. बायकांनी सिरिमानला पुढे ढकललं. "बल्लो, ऊठ, रड बघू."

तो वाटेत आला. तिथेच धुळीत गुडघ्यांवर बसला, मग आडवा झाला, चांगला पांढरा झगा मातीत.

"नका नेऊ हिला," तो म्हणाला.

लोक हसले.

"माझी आहे ती. तुम्ही सगळे चोर आहात. गाई चोरता तशी माझी बायको चोरली." आवाज फाटला. "मी तिच्याशिवाय काय करू? आई, यांना सांग ना... मी काय करू?" आणि त्याने धुळीत तोंड खुपसलं आणि तो रडला. खांदे हलत होते, श्वास अडकत होता, बोटं माती ओरबाडत होती.

लोक पोट धरून हसत होते. म्हातारे टाळ्या देत होते. असा रडणारा बल्लो आपण जन्मात पाहिला नाही म्हणत होते, याचा बापसुद्धा इतका चांगला रडत नव्हता. हसली नाही ती एकटी न्येले. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

वेलोही रडत होती. नवरीने रडायचंच असतं, नाही रडली तर लोक नावं ठेवतात. मावश्या-आत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, बापाचं घर सुटत नाही गं पोरीचं, असं म्हणत होत्या. ती मोठ्याने रडली, इतक्या मोठ्याने की तिच्या आईलाही रडू फुटलं. दोघंही भरल्या अंगणात, सगळ्यांच्या देखत रडली, आणि कोणाला कसलीही शंका आली नाही.

शेवटी येरोच पुढे झाला. हसत हसत त्याने सिरिमानला दंडाला धरून उठवलं, त्याच्या झग्यावरची धूळ झटकली आणि ओंजळभर कोला त्याच्या हातात ठेवले. "वा, काजळ्या," तो म्हणाला, "मन भरलं बघ. आमच्या घरी येत जा."

सिरिमानने कोला घेतले. बाहीने तोंड पुसलं आणि वाटेच्या कडेला होऊन उभा राहिला.